बालकलाकाराला ‘नको’ म्हणता येतं का?

लहानपणी पडद्यावर गाजलेलं मूल मोठेपणी कुठेतरी हरवलं की आपण ठरलेलं निदान करून मोकळे होतो. प्रसिद्धी डोक्यात गेली, पुढे काम मिळेना, पोर वाया गेलं. यात सगळा दोष मुलाच्या पदरात पडतो आणि भोवतालची मोठी माणसं सुटतात. गेल्या शंभर वर्षांतली अशी आयुष्यं जवळून पाहिली तर क्रम वेगळा दिसतो. आधी घर मुलाच्या कमाईवर चालू लागतं. त्यामुळे मुलाला काम नाकारता येत नाही. मग एक दिवस काम आपोआप थांबतं, आणि तोवर परत जायला शाळा उरलेली नसते. नैराश्य, व्यसनं, आईवडिलांशी कोर्टकज्जे हे सगळं त्यानंतरचं. मराठी मालिका-चित्रपटांना वर्षानुवर्षं मुलं पुरवणाऱ्या पुण्यात तरी या प्रश्नाकडे संस्कारांचा प्रश्न म्हणून पाहणं आता थांबावं. हा पैशाचा आणि वेळेचा प्रश्न आहे आणि त्यावर उपाय करता येतात.

या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९२१ साली चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मधून जगभर पोचलेला जॅकी कूगन. लहानपणीच्या कामांतून त्याने ३० ते ४० लाख डॉलर कमावले असा अंदाज केला जातो. मे १९३५ मध्ये त्याचे वडील मोटार अपघातात गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो एकवीस वर्षांचा झाला आणि त्याने आपले पैसे मागितले. आई आणि सावत्र वडिलांनी नकार दिला, आणि त्या वेळचा कायदा त्यांच्याच बाजूने होता, कारण अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलाची कमाई पालकांच्या मालकीची धरली जायची. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला. हाती आले १ लाख २६ हजार डॉलर. या प्रकरणामुळे १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला. तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

या कायद्याचं कौतुक करताना त्यातली फट मात्र क्वचित सांगितली जाते. तो फक्त कोर्टाने मंजूर केलेल्या करारांना लागू होत असे, आणि बहुतेक करार कोर्टापर्यंत जातच नसत. त्यामुळे कायदा होऊन पन्नास वर्षं झाल्यावरही, १९८९ मध्ये, दूरचित्रवाणीवरच्या बालकलाकार गॅरी कोलमनला आईवडील आणि सल्लागारावर दावा लावावा लागला. १९९३ मध्ये त्याला सुमारे १२ लाख ८० हजार डॉलर मंजूर झाले, आणि १९९९ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. ती फट २००० साली बुजवली गेली. तेव्हापासून कमाई मुलाचीच धरली जाते आणि ढोबळ मानधनाचे १५ टक्के थेट बंद खात्यात जातात, करार कोर्टात गेलेला असो वा नसो. म्हणजे कायदा झाल्यावर तो नीट चालायला एकसष्ट वर्षं लागली. आपण आज बरोबर त्या मधल्या काळात आहोत. कायदा आहे, पण त्याला फटी आहेत.

आपल्याकडची उदाहरणंही कमी नाहीत. वडील मास्टर विनायक १९४७ मध्ये गेले तेव्हा नंदा आठ वर्षांची होती; ‘बेबी नंदा’ म्हणून तिने काम धरलं ते घर चालवायला. मीनाकुमारीही ‘बेबी मीना’ असल्यापासून घर पोसत होती. दोघी पुढे मोठ्या नायिका झाल्या, म्हणून त्यांच्या बालपणाची गोष्ट जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण आठ वर्षांच्या मुलीला ‘आज मला जायचं नाही’ म्हणायची सोय होती का, हे कोणी विचारत नाही. ‘सलाम बॉम्बे’मधल्या प्रमुख भूमिकेसाठी शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे तो बंगळुरूत रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवण्यात कमीपणा काहीच नाही. खंत ही की पुरस्कार देणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या शिक्षणाची आणि पैशाची कोणतीच तजवीज केली नव्हती.

आता आपला कायदा. भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात ते कायमचं ठरवून टाकलं. चित्रपटधंद्यात याचा अर्थ काय, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या निकालात दिसतं. १९४९ च्या निकालसंग्रहात तो छापलेला आहे. अज्ञान मुलीच्या वतीने वडिलांनी निर्मात्याशी करार केला, निर्मात्याने भूमिका काढून दुसरीला दिली, आणि भरपाई मागायला गेल्यावर मुलीलाही दाद मिळाली नाही, वडिलांनाही नाही. मुलीचा करार ती अज्ञान म्हणून पोकळ. वडिलांचा करार पोकळ, कारण त्यातला मोबदला म्हणजे अज्ञान मुलीने काम करण्याचं वचन. म्हणून आजही करारावर सही पालकाची असते, जबाबदारी पालकाची लिहिलेली असते, आणि ज्याच्या श्रमावर सगळं उभं आहे ते मूल कागदावर जवळजवळ नसतंच.

बाल व किशोरवयीन कामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली, पण कलाकार म्हणून काम करायला अटींवर सूट मिळाली. त्या अटी २०१७ च्या नियमांत आहेत. मुलाला ऑडिशनला नेणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना त्या तोंडपाठ असायला हव्यात. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती हवीच. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त चित्रीकरण नाही. जिथे चित्रीकरण आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यायची. सोबत मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षेला जबाबदार असलेल्या माणसाचं नाव द्यायचं. या अटी पाळण्याचं निर्मात्याने दिलेलं हमीपत्र सहा महिने चालतं. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती. शाळा तुटता कामा नये. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नाही. आणि मुलाच्या कमाईपैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने थेट मुदत ठेवीत. ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळायची.

कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात कुठे गळतं ते पाहू.

पहिली गळती पॅन कार्डापाशी. मानधनातून निर्माता टीडीएस कापतो. तो कोणाच्या पॅनवर? मुलाचं पॅन काढलेलं नसेल तर आईच्या किंवा वडिलांच्या. मग पैसेही त्यांच्याच खात्यात येतात, उत्पन्न त्यांचं दिसतं, करही त्यांच्या टप्प्याने लागतो. सरकारी नोंदीनुसार त्या मुलाने आयुष्यात एक रुपया कमावलेला नसतो. पुढे अठराव्या वर्षी त्याने ‘माझे किती होते?’ विचारलं तर दाखवायला कागदच नाही. खरं तर आयकर कायदा इथे मुलाच्या बाजूने आहे. अज्ञान मुलाचं उत्पन्न एरवी पालकाच्या उत्पन्नात मिळवलं जातं, पण स्वतःच्या कलेतून किंवा कौशल्यातून केलेल्या कमाईला त्यातून वगळलं आहे. मुलाचं पॅन काढावं, त्याच्या नावाने विवरणपत्र भरावं. सही पालक करतात. त्या कमाईच्या ठेवीवरचं व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात धरलं जातं, हे लक्षात ठेवावं, नाहीतर नोटीस आली की गोंधळ उडतो.

दुसरी गळती मुदत ठेवीची. मालिकांचं मानधन कामानंतर साधारण ९० दिवसांनी मिळतं, ही या धंद्यातली रूढ पद्धत आहे. तोवर अनेकदा मुलाचा ट्रॅक, म्हणजे मालिकेतला त्याच्या भूमिकेचा भाग, संपलेला असतो. निर्माता हमीपत्र आधी देतो. ठेवीची पावती अमुक दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल करा असं बंधन त्या नियमात नाही. शिवाय अज्ञान मुलाच्या नावावरची ठेव ‘मुलाच्या हितासाठी’ असं लिहून देऊन पालक मुदतीआधी मोडू शकतात, आणि ते हित कोणतं हे बँक सहसा खोलात तपासत नाही. मुलाच्या नावावर फ्लॅट असता तर तो विकायला १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे कोर्टाची परवानगी लागली असती. रोख रकमेला तसं कुंपण नाही.

तिसरी गळती वयाची आहे, आणि ती सगळ्यात मोठी. कलाकार मुलांचे हे नियम ‘बालक’ या व्याख्येपुरते, म्हणजे चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत. चौदा ते अठरा या वयातल्या मुलाला पाच तासांची मर्यादा नाही, २७ दिवसांची नाही, २० टक्क्यांचीही नाही. जॅकी कूगनला एकविसाव्या वर्षी जो धक्का बसला तो पंधराव्या वर्षी गाजलेल्या मराठी मुलीला अठराव्या वर्षी बसू शकतो, आणि तिच्याकडे बोट ठेवायला नियमही नसेल.

आकडे मांडून पाहू. समजा एका मुलाला दिवसाचे ५,००० रुपये मिळतात, महिन्याला २० दिवस काम आहे आणि मालिका दहा महिने चालली. ढोबळ कमाई १० लाख. १० टक्के टीडीएस कापला की हातात ९ लाख. त्यातून काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचं कमिशन जातं. नियमाप्रमाणे ठेवीत २ लाख. सात टक्के व्याज धरलं तर आठ वर्षांच्या मुलाला अठराव्या वर्षी जवळजवळ दुप्पट, म्हणजे चार लाखांच्या आसपास मिळतील. आता खर्च. चित्रीकरण गोरेगावला असेल तर पुण्याहून रोज ये-जा होत नाही. आई नोकरी सोडून मुलाबरोबर मालाडला किंवा कांदिवलीला भाड्याच्या घरात राहायला जाते. वडील आणि दुसरं भावंडं पुण्यात. आईचा पगार बंद, दोन घरांचा खर्च सुरू. पाच-सहा महिन्यांत हे गणित मुलाच्या मानधनाशिवाय बसेनासं होतं. यात कोणी लोभी नसतं. आईने खरोखर मुलासाठीच नोकरी सोडलेली असते. पण त्या दिवसापासून ‘मला कंटाळा आलाय, मला शाळेत जायचंय’ या वाक्याचा अर्थ ‘भाडं कोण भरणार?’ असा होतो, आणि मुलांना हे फार लवकर कळतं. ती बोलायची थांबतात.

म्हणून २० टक्के की ५० टक्के हा वाद दुय्यम आहे. आधी ठरायला हवं ते हे की मुलासोबत राहणाऱ्या पालकाचा प्रवास, निवास आणि जेवण हा निर्मितीचा खर्च आहे. मुलाच्या मानधनातून तो जाता कामा नये. प्रौढ कलाकाराच्या मेकअपमनचा खर्च निर्माता वेगळा देतो. सात वर्षांच्या मुलाच्या आईचा का नाही?

सेटवर पाच तास कसे मोजतात तेही पाहण्यासारखं आहे. कॉल टाइम सकाळी सात. कपडे, मेकअप साडेसातपर्यंत. पहिला सीन नऊला लागतो, कारण प्रकाशयोजना झालेली नसते. अर्धा तास चित्रीकरण. मग मोठ्या कलाकाराची तारीख गाठायची म्हणून त्याचे सीन आधी. मुलाचा दुसरा सीन दुपारी दोनला, तिसरा संध्याकाळी साडेसहाला. पॅकअप आठला. कॅमेऱ्यासमोरचा वेळ मोजला तर चार तासही भरत नाहीत आणि कागद स्वच्छ राहतो. मूल मात्र तेरा तास तिथेच असतं, पोशाखात, गोंगाटात, मोबाइल हातात घेऊन. तास सेटवर पाऊल टाकल्यापासून मोजायला हवेत. ते अवघड नाही: मुलाचे सीन एकत्र लावायचे, सकाळी घ्यायचे, एकपर्यंत सोडायचं. सहाय्यक दिग्दर्शकाला वेळापत्रक पुन्हा मांडावं लागतं, एवढंच. ते मांडलं जात नाही कारण मुलाचा वेळ सेटवर सगळ्यात स्वस्त असतो.

‘जबाबदार व्यक्ती’ कोण, हाही कागदी प्रश्न नाही. एकेकाळच्या गाजलेल्या बालकलाकार डेझी इराणी यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की सहा वर्षांच्या असताना बाहेरगावच्या चित्रीकरणात त्यांच्यासोबत पालक म्हणून पाठवलेल्या माणसानेच त्यांच्यावर अत्याचार केला होता. साठ वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं. नियमातली जबाबदार व्यक्ती निर्मितीसंस्थेची असते. तिची निष्ठा वेळापत्रकाशी असते. म्हणून बाहेरगावच्या कामाला आई किंवा वडील स्वतः आणि मूल नजरेसमोर, यात तडजोड नको.

मग येतं ते अवघड वय. सहाव्या-सातव्या वर्षी दुधाचे दात पडायला लागतात आणि कंटिन्युटी, म्हणजे प्रत्येक सीनमध्ये मूल सारखंच दिसणं, सांभाळणाऱ्याची धावपळ सुरू होते. बाराव्या-तेराव्या वर्षी आवाज फुटतो, उंची वाढते, चेहरा बदलतो. ज्या गोंडसपणासाठी घेतलं होतं तो संपतो, आणि मोठ्यांच्या भूमिकांना अजून पाच-सहा वर्षं असतात. बॉबी ड्रिस्कॉल हा डिस्नेचा लाडका बालकलाकार. त्याला लहानपणी ऑस्करचा बालपुरस्कारही मिळाला होता. १९५३ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याचा करार संपवला गेला. पुढे व्यसन, तुरुंग. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका ओसाड इमारतीत तो मृतावस्थेत सापडला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. ओळख न पटल्याने त्याला बेवारस म्हणून पुरलं गेलं. आईला पुढच्या वर्षी कळलं. याच वयाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या पुण्यातलं उदाहरण आहे. १९३८ मध्ये प्रभातच्या ‘गोपाळकृष्ण’मध्ये कृष्ण झालेला आणि पुढच्या वर्षी ‘माणूस’मध्ये चहावाला पोऱ्या झालेला राम मराठे. पडद्यावरचं बालपण संपलं तेव्हा त्याच्या हातात गाणं होतं. मास्टर कृष्णराव, मिराशीबुवा, जगन्नाथबुवा पुरोहित अशी तालीम मिळत गेली आणि पंडित राम मराठे म्हणून संगीत रंगभूमीवर आणि मैफलीत ते आयुष्यभर उभे राहिले. पडद्याबाहेरही वाढणारी एक विद्या जवळ असली की ती मधली पाच वर्षं रिकामी जात नाहीत. बहुतेक मुलांसाठी ती विद्या म्हणजे साधी शाळाच.

शाळेचं म्हणाल तर दहावीला बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट आहे. ती भरत नाही म्हटल्यावर उरतो सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. ‘सैराट’नंतर रिंकू राजगुरूने गर्दीमुळे नियमित शाळा सोडून दहावी बाहेरूनच दिली आणि २०१७ मध्ये ६६ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. हा मार्ग खुला आहे आणि त्यात लाज नाही. पण सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. ती टळली तर विलंब शुल्क, तेही टळलं तर वर्ष गेलं. नेमून दिलेल्या संपर्क केंद्रात अंतर्गत मूल्यमापन पूर्ण करावं लागतं, त्यासाठी त्या दिवसांत तारीख द्यायची नाही. चौथी-पाचवीतल्या मुलासाठी मात्र ही पळवाट नको. त्या वयात गणितातले अपूर्णांक आणि भागाकार निसटले की सातवीत मूल वर्गात नुसतं बसून राहतं, आणि मग त्याला सेटच बरा वाटू लागतो. ‘सेटवर ट्यूटर आहे’ हे ऐकून समाधान मानू नका. दर आठवड्याला वही उघडून तारखा बघा. दोन तारखांमध्ये दहा दिवसांचं अंतर असेल तर ट्यूटर आहे, शिकवणी नाही.

घरातल्या मोबाइलवर चालणाऱ्या वाहिन्यांची तर गोष्टच वेगळी. मुलाचे रील्स, मुलाच्या विनोदांचे व्हिडिओ, जाहिरातींचे पैसे. व्हिडिओंवरच्या जाहिरातींचे पैसे ज्यातून येतात ते गुगलच्या अॅडसेन्सचं खातं अठरा वर्षांखालच्या माणसाला मिळतच नाही, त्यामुळे सगळी मिळकत मोठ्यांच्या नावावर. इथे निर्माता, पालक आणि जबाबदार व्यक्ती तिन्ही एकच. चित्रीकरण घरातच होत असल्याने पॅकअपही नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १ जुलै २०२४ पासून अशा मुलांसाठी मिळकतीतला वाटा बाजूला ठेवणं बंधनकारक केलं. आपल्याकडेही हे स्पष्ट शब्दांत यायला हवं.

‘इतके नियम केले तर मुलांना कोणी घेणारच नाही’ असं निर्माते म्हणतात. कॅलिफोर्नियात नियम कडक आहेत आणि तिथे मुलं आजही काम करतात. मुलाचे सीन कमी लिहिता येतात, तान्ह्या बाळासाठी जुळी घेता येतात. ‘स्लमडॉग मिलिऑनेर’च्या निर्मात्यांनी दोन लहान कलाकारांसाठी ‘जय हो’ ट्रस्ट काढला. घराची व्यवस्था केली आणि शालेय शिक्षण पूर्ण केल्यावर एकरकमी पैसे मिळतील अशी अट घातली. तिथेही अडचणी आल्याच. वस्तीतलं घर पाडलं गेलं, लोकांची टीका झाली. पण पैसे शाळेला बांधायची कल्पना योग्य होती.

राज्य सरकारला करता येण्यासारख्या गोष्टी ठरावीक आहेत. मुलाचं पॅन आणि त्याच्या नावाचं खातं असल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी देऊ नये. पहिल्या २७ दिवसांची २० टक्के रक्कम चित्रीकरणाआधी ठेवीत जमा करून पावती अर्जाला जोडावी. ९० दिवसांचा प्रश्नच मिटतो. ही ठेव मोडायला कोर्टाची परवानगी लागावी. चौदाची मर्यादा अठरावर नेण्याची शिफारस केंद्राकडे करावी, आणि तोवर राज्याचं चित्रपट अनुदान हवं असेल तर चौदा ते अठरा वयाच्या कलाकारांनाही हेच नियम पाळल्याचा पुरावा मागावा. अनुदानाची दोरी राज्याच्याच हातात आहे, त्यासाठी दिल्लीला विचारायला नको.

पालकांनी कशाचीही वाट न पाहता करायचं काम करारातलं आहे. अज्ञान मुलाला करार बांधत नाही, म्हणूनच निर्माते भरपाईचं कलम पालकांच्या नावाने घालतात: मूल मध्येच थांबलं तर नुकसान पालक भरतील. हे कलम सहसा तिसऱ्या-चौथ्या पानावर, ‘तारखा’ आणि ‘एक्सक्लुझिव्हिटी’च्या (दुसरीकडे काम न करण्याच्या अटीच्या) मधे असतं, आणि घाईत वाचलं जात नाही. ते काढून त्या जागी लिहून घ्या की मुलाने काम थांबवायचं ठरवल्यास ३० दिवसांची सूचना पुरेल आणि पालकांकडून कोणतीही रक्कम मागितली जाणार नाही. सोबत राहणाऱ्या पालकाचा खर्च वेगळा, तास सेटवर पोचल्यापासून, मानधन मुलाच्या खात्यात, या तीन ओळीही त्याच पानावर घ्या. करार वकिलाला दाखवायला एक दिवस मागा. तो दिवस द्यायची निर्मात्याची तयारी नसेल तर पुढच्या दहा महिन्यांत तो मुलाला सुट्टीचे दिवस कसे देईल याचा अंदाज तिथेच येतो.